घरी बनवलेली मातीची दिवाळी सजावट: प्रयोग कसे करायचे आणि किंमत कशी ठरवायची



"सर, मी मातीकाम शिकलेय. घरी पणत्या, दिवे, तोरणं बनवते. पाहुण्यांना आवडतात. या दिवाळीत विकायला काढू का?" पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. व्हिडिओत वेळेअभावी थोडक्यात सांगितलं होतं. इथे सगळं आकड्यांसकट लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

माझं उत्तर सोपं आहे: हो, विका. पण दोन गोष्टी पक्क्या करूनच. एक, प्रयोग पावसाळ्यात संपले पाहिजेत, दिवाळीच्या तोंडावर नाही. दोन, खर्चाला भागायचं ते विकल्या गेलेल्या नगांनी, बनवलेल्या नगांनी नाही. मातीकामात या दोन आकड्यांत मोठं अंतर असतं. काही नग सुकताना तडकतात, काही भट्टीत जातात, काही रंगात बिघडतात आणि काही भाऊबीजेला तुमच्या कपाटातच राहतात. त्या सगळ्यांचा खर्च उरलेल्या नगांनी उचलायचा असतो. हे ज्यांना कळत नाही त्यांचा स्टॉल रिकामा होतो, पण हातात काही उरत नाही.

आधी काय बनवायचं नाही ते ठरवा

साधी पणती बनवून विकायच्या भानगडीत पडू नका. चाकावर बसलेला कसलेला कुंभार एकाच मोठ्या गोळ्यातून एकापाठोपाठ एक पणत्या उतरवत जातो. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे, पुण्यात कसबा पेठेचा कुंभारवाडा आहे. तिथे पिढ्यानपिढ्यांचा हात, स्वतःची भट्टी आणि घाऊक गिऱ्हाईक आहे. शिवाय साच्यातून दाबून काढलेल्या पणत्याही बाजारात असतात. त्या भावाला तुम्ही घरात बसून कधीच पुरे पडणार नाही.

मग आपली जागा कुठे? जिथे हाताचं काम दिसतं, आणि गिऱ्हाईक त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतं, तिथे. उदाहरणार्थ:

- जाळी कोरलेला दिवा. आत छोटी मेणबत्ती लावली की भिंतीवर नक्षीची सावली पडते.
- तोरणासाठी आंब्याची पानं, छोट्या घंटा, कमळं, लटकन.
- लक्ष्मीपूजनाचा संच: बोळकी, एक मोठा दिवा, छोटी पावलं.
- किल्ल्यासाठी मावळे, तोफा, बुरूज. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात, त्यामुळे याला दरवर्षी मागणी असते. फक्त इथे साच्यातल्या स्वस्त मावळ्यांशी गाठ असते, म्हणून वेगळेपण लागेल.

यातले पहिल्या वर्षी दोनच प्रकार निवडा. दहा प्रकार मांडले की स्टॉल भरलेला दिसतो, पण प्रत्येक प्रकाराचा प्रयोग वेगळा, तूटफूट वेगळी, पॅकिंग वेगळं. नवशिक्याला हे झेपत नाही.

माती आणि भट्टी

माती नुसती सुकवली तर ती कडक होते, पण पाण्यात टाकली की पुन्हा चिखल. शाडूचा गणपती विसर्जनात विरघळतो तो यामुळेच. पक्की वस्तू हवी असेल तर माती भाजावीच लागते. (भाजणी म्हटलं की दिवाळीत चकली आठवते, पण ही भाजणी वेगळी.) लाल माती, म्हणजे टेराकोटा, साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात. घरच्या ओव्हनचं, मायक्रोवेव्हचं किंवा गॅसच्या शेगडीचं हे काम नाही.

हवेत सुकणारी तयार माती बाजारात मिळते. तिची लटकन चालतील. पण दिवा तिचा करू नका. ज्योतीजवळची वस्तू भाजलेल्या मातीचीच हवी.

भट्टीसाठी तीन रस्ते आहेत.

पहिला, एखाद्या पॉटरी स्टुडिओची भट्टी भाड्याने घेणं. कुणी वजनावर पैसे घेतं, कुणी भट्टीतल्या फळीवर, कुणी पूर्ण भट्टीचे. आधी विचारा: किती अंशाला भाजता? माझ्या मातीला ते चालेल का? भट्टीत नग फुटला तर नुकसान कोणाचं? आणि सर्वात महत्त्वाचं, दिवाळीआधीच्या महिन्यात तारीख मिळेल का? त्या दिवसांत सगळ्यांनाच भट्टी हवी असते. बुकिंग गणपतीआधीच करून टाका.

दुसरा, जवळच्या कुंभारकाकांच्या आव्यात आपला माल ठेवणं. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. आव्यात उष्णता सगळीकडे सारखी नसते आणि धुराचे काळे डाग पडू शकतात. जाड, साध्या वस्तूंना ते शोभतंही. पण नाजूक जाळीचा दिवा तिथे टिकेल का, हे आधी पाच-सहा नग देऊन बघा.

तिसरा, स्वतःची विजेची भट्टी. पहिल्या वर्षी नकोच. तरी वीजखर्चाचं गणित माहीत असू द्या. समजा भट्टी ६ किलोवॅटची आहे आणि ८ तास चालते. मग जास्तीत जास्त ६ × ८ = ४८ युनिट. प्रत्यक्षात ती मध्येमध्ये बंद-चालू होते, म्हणून याहून कमी लागतात. युनिटला १० रुपये धरले तर जास्तीत जास्त ४८० रुपये. वीज परवडेल, पण भट्टीची किंमत वसूल व्हायला नियमित काम लागतं. आणि घराचा मंजूर वीजभार तेवढा आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं लागतं.

भट्टीत नग का फुटतात?

हे समजलं तर निम्मं नुकसान टळतं. बाहेरून कोरडा दिसणारा नग आतून ओला असू शकतो. १०० अंशाच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती मातीच फोडते. नुसता तोच नग नाही, शेजारचेही जातात. पुढे ५७३ अंशाला मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. थंड होताना त्याच तापमानाला उलट होतं, ते आकसतात. म्हणून भट्टी चढवतानाही सावकाश आणि उतरवतानाही सावकाश. "बघू तरी कसं झालंय" म्हणून गरम भट्टीचं दार उघडलं की थंड हवेने तडे जातात.

जाडी सगळीकडे सारखी ठेवणं हाही एक नियम. दिव्याचा तळ १२ मिलिमीटर आणि काठ ४ मिलिमीटर असेल तर काठ आधी सुकतो, तळ मागे राहतो आणि दोघांच्या ओढाताणीत तडा जातो. कुंभार मातीत राख, लीद किंवा भुसा मिसळतात, तेही माती सुकताना आणि भाजताना सांभाळून घेण्यासाठीच. स्टुडिओवाले भाजलेल्या मातीची भुकटी घालतात, तिला ते ग्रॉग म्हणतात.

पाच प्रयोग

सगळ्या प्रयोगांना एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक प्रयोगात किमान सहा नग ठेवा. माती पण बदलली, जाडी पण बदलली आणि सुकवायची जागा पण बदलली, तर तडा कशाने गेला हे देवालाच माहीत.

*१. आकसण्याचा प्रयोग.* मातीची एक पट्टी लाटा. तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा. सुकल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. रेघ ९ सेंटीमीटर भरली तर तुमची माती १० टक्के आकसते. प्रत्येक मातीचा आकडा वेगळा, म्हणून दुसऱ्याचा आकडा वापरू नका.

याचा धंद्याशी काय संबंध? बाजारातली छोटी टीलाइट मेणबत्ती साधारण ३८ मिलिमीटर रुंद असते. ती सहज बसायला दिव्याची आतली जागा ४० मिलिमीटर हवी. १० टक्के आकसणाऱ्या मातीत ती जागा ओली असताना साधारण ४५ मिलिमीटर ठेवावी लागेल, कारण ४५ चे ९० टक्के म्हणजे साडेचाळीस. ओल्या मातीत ४० मोजून बनवली तर भाजल्यावर ३६ उरते आणि मेणबत्ती आत जातच नाही. पन्नास दिवे बनवून झाल्यावर हे कळलं, तर पन्नास दिवे वाया. आणि पट्टीचा प्रयोग जवळपास फुकटात होतो.

*२. सुकवण्याचा प्रयोग.* दिवाळीच्या मालाची खरी अडचण ही की तो बनवायचे दिवस म्हणजे पावसाळा. हवेतच ओलावा, मग माती सुकणार कशी? सहा नग पंख्याखाली ठेवा, सहा वर्तमानपत्राने सैल झाकून सावलीत, सहा प्लॅस्टिकखाली दोन दिवस आणि मग उघडे. रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करा. सलग दोन दिवस वजन तेवढंच राहिलं म्हणजे उघड्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. हाताला गार लागणारा नग अजून ओला आहे, हेही लक्षात ठेवा.

पंख्याखालचे नग लवकर सुकतात, पण बऱ्याचदा एका बाजूने, त्यामुळे वाकतात. तोरणाची पातळ पानं तर पापडासारखी वळतात. पानं दोन वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवून वर हलका पाट ठेवला आणि रोज कागद बदलला तर ती बरीच सपाट राहतात. भट्टी लावताना हवा दमट असेल तर स्टुडिओला सांगा, सुरुवातीला १०० अंशाच्या खाली काही तास ठेवा.

*३. लटकवण्याचा प्रयोग.* भोकही आकसतं. ओल्या मातीत ४ मिलिमीटरचं भोक भाजल्यावर साधारण ३.६ होतं, आणि वर रंग चढला की आणखी बारीक. ज्या दोऱ्याने बांधणार तो आधी आणा, आणि मग भोक ठरवा. भोक काठापासून पुरेसं आत हवं. तयार तोरण दारावर रात्रभर टांगा, दार वीस वेळा जोरात लावा. घंटा एकमेकींवर आपटून टवके उडतात का बघा. गिऱ्हाइकाच्या घरी वारा येणारच आहे.

*४. तेल आणि ज्योतीचा प्रयोग.* भाजलेल्या लाल मातीला बारीक छिद्रं असतात. पणतीत तेल घातलं की ते हळूहळू बाहेर झिरपतं. दिव्यात तेल भरा, पांढऱ्या कागदावर चार तास ठेवा, डाग किती पडला ते बघा. नव्या फरशीवर किंवा रांगोळीवर तेलाचा डाग पडला तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येणार नाही. जुना उपाय म्हणजे वापरायच्या आधी पणती काही तास पाण्यात भिजवणं. मातीने पाणी पिऊन घेतलं की ती तेल कमी पिते. पण रंगवलेल्या पणतीचा रंग भिजवल्यावर टिकतो का, हे तुम्हीच तपासायचं. टिकत असेल तर ही सूचना छोट्या चिठ्ठीवर छापून प्रत्येक डब्यात घाला.

आता ज्योत. दिवा संपेपर्यंत पूर्ण जाळा, शेजारी बसून. काठावरचा रंग काळवंडतो का, वास येतो का, वॉर्निश मऊ होतं का, चमकी जळते का? ॲक्रिलिक रंग आणि वॉर्निश ज्योतीपासून लांब, बाहेरच्या बाजूलाच. आत आणि काठावर माती उघडी ठेवा. जाळीच्या दिव्याला वर पुरेसं तोंड हवं, नाहीतर आत उष्णता कोंडते आणि मेणबत्ती विझते. हातात धरून उचलता येतो का, तेही बघा. हा प्रयोग टाळून माल विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात आग लागण्याची जोखीम तुम्ही घेताय.

*५. पाडून बघण्याचा प्रयोग.* नग डब्यात भरा, जसा कुरियरला द्याल तसाच. मग कमरेच्या उंचीवरून डबा पाडा, प्रत्येक बाजूवर एकदा. उघडा. फुटला असेल तर पॅकिंग बदला, पुन्हा पाडा. नगाच्या आतली पोकळीही कागदाने भरायची असते, हे बरेच जण विसरतात. किती कागद, कसला डबा, किती मिनिटं लागली, सगळं लिहा. हाच तुमचा पॅकिंगचा खर्च.

एक आरोग्याची गोष्ट. सुकलेली माती कोरडी घासू नका आणि फरशी झाडू नका. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना वाईट. ओल्या स्पंजने घासा, ओल्या फडक्याने पुसा. घरात लहान मूल असेल तर ही खोली वेगळीच ठेवा.

वहीत काय लिहायचं?

प्रत्येक नगाच्या तळाला ओला असतानाच सुईने नंबर कोरा. वहीत त्या नंबरपुढे: तारीख, कोणती माती, ओलं वजन, बनवायला किती मिनिटं, कुठे सुकवला, कधी भाजला, आणि शेवटी निकाल. निकाल चारच शब्दांत: चांगला, तडा, वाकडा, फुटला. दोन महिन्यांत या वहीतून तुम्हाला एक आकडा मिळेल: १०० बनवले तर विकण्यालायक किती? पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

आता हिशोब

समजा एक ताई जाळीचे दिवे बनवतात. खालचे दर उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

त्यांनी ६० दिवे बनवले. सुकताना ४ तडकले, भट्टीत ५ गेले, रंगात आणि तळ डगमगल्यामुळे ३ बाजूला काढले. विकण्यालायक राहिले ४८. म्हणजे ८० टक्के.

- माती: २४ किलो × २५ रुपये = ६०० रुपये
- भट्टीचं भाडं: १,८०० रुपये
- रंग, ब्रश वगैरे: ३०० रुपये
- स्वतःची मजुरी: ३० तास × १०० रुपये = ३,००० रुपये

एकूण ५,७०० रुपये. स्वतःची मजुरी धरायचीच. "मी घरीच असते, वेळ फुकटचाच" हे वाक्य धंद्यात चालत नाही. उद्या मदतीला बाई ठेवलीत तर ती फुकट येणार आहे का?

आता बघा. ५,७०० ला ६० ने भागलं तर दिवा ९५ रुपयांना पडतो. ४८ ने भागलं तर जवळपास ११९ रुपयांना. एका नगामागे २४ रुपयांचा फरक, केवळ भागाकारात.

पुढे. पॅकिंग नगाला ३० रुपये. दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉलचं भाडं १,५०० रुपये. आणि ४८ पैकी विकले गेले ४०. आता या ४० दिव्यांनी सगळा खर्च उचलायचा: ५,७०० + पॅकिंगचे १,२०० + स्टॉलचे १,५०० = ८,४०० रुपये. भागिले ४०. एक दिवा पडला २१० रुपयांना.

पहिल्या पद्धतीने हिशोब करणारी ताई काय करेल? ९५ अधिक पॅकिंगचे ३०, म्हणजे १२५. वर ६० टक्के नफा धरून किंमत ठेवेल २०० रुपये. मनात म्हणेल, नगामागे ७५ रुपये सुटले! प्रत्यक्षात ४० दिव्यांचे आले ८,००० आणि खर्च ८,४००. चारशे रुपये कमी पडले. ते कुठून गेले? तिच्याच मजुरीतून. नफा तर शून्यच. उरलेले आठ दिवे पुढे विकले जातील ही आशा, पण आशेवर भट्टीचं भाडं देता येत नाही.

अजून एक खर्च राहिला: प्रयोगांचा. पावसाळ्यात प्रयोगांवर समजा २,००० रुपये गेले आणि हंगामात सगळे मिळून २०० नग विकायचं ठरवलंय, तर नगामागे १० रुपये. दिवा आता २२० ला पडला. किंमत २८० ठेवली तर नगामागे ६० रुपये, म्हणजे ४० दिव्यांचे २,४०० रुपये खरा नफा. मजुरी वेगळी मिळालीच.

"पण सर, २८० ला कोण घेईल?" हाच प्रश्न प्रयोगाच्या काळात विचारायचा. ऑगस्टमध्ये सहा दिवे घेऊन अनोळखी लोकांना दाखवा. नातेवाईक नकोत, ते कौतुकच करतात. २८० ला कुणी घेत नसेल तर तीन मार्ग: बनवायचा वेळ कमी करा, तूटफूट कमी करा, किंवा तो प्रकार सोडून द्या. किंमत उतरवून तोट्यात विकणं हा चौथा मार्ग नाही.

दुकानदाराला द्यायचं का?

समजा दुकानदार म्हणतो, "ठेवा माझ्याकडे, विकला की ३५ टक्के माझे." २८० पैकी तुमच्या हातात १८२. स्टॉलचं भाडं वाचलं, तरी ४० च विकले गेले तर प्रयोगासकट खर्च नगाला साडेएकशे ब्याऐंशी. म्हणजे तुम्ही फक्त मजुरीवर काम केलंत.

तोच दुकानदार ४८ च्या ४८ दिवे रोख घेत असेल तर चित्र बदलतं. ५,७०० अधिक पॅकिंगचे १,४४०, भागिले ४८ म्हणजे जवळपास १४९. प्रयोगाचे १० धरून १५९. नगामागे २३ रुपये सुटतात आणि उरलेल्या मालाची कटकट नाही. भाव तोच, टक्का तोच, पण न विकलेला माल कोणाच्या गळ्यात राहणार यावर नफा ठरतो. हे बोलणं माल देण्याआधी करायचं, नंतर नाही. फुटलेल्या नगाचं कोण बघणार, हेही त्याच वेळी लिहून घ्या.

कॅलेंडर उलटं मोजा

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. म्हणून तारखेपेक्षा सणांनी मोजणं सोपं. मध्ये अधिक महिना आला नाही तर गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण आठ आठवडे असतात. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन तीन आठवड्यांच्या आत येतं.

- जून-जुलै: आकसणं, सुकवणं, जाडी. फक्त प्रयोग.
- ऑगस्ट: तेल, ज्योत, लटकवणं, पॅकिंग. अनोळखी गिऱ्हाइकांची चाचणी. भट्टीचं बुकिंग.
- गणपतीपर्यंत: दोन प्रकार नक्की. यानंतर नवीन डिझाइन नाही, कितीही मोह झाला तरी.
- गणपती ते दसरा: उत्पादन आणि भाजणी. फोटो काढून ऑर्डर घ्यायला सुरुवात.
- दसऱ्यानंतर: रंग, पॅकिंग, विक्री. या काळात ओली माती हातात असेल तर तो माल या दिवाळीचा नाही असं समजा.

ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या. आणि वहीतला आकडा वापरा. ४८ दिव्यांची ऑर्डर असेल आणि तुमचे ८० टक्के नग चांगले निघत असतील तर ६० बनवायला घ्या. ४८ च बनवलेत तर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला तोंड दाखवता येणार नाही.

उरलेला माल

दिवाळीचा माल भाऊबीजेला जुना होतो. म्हणून डिझाइन ठरवतानाच पुढचा सण डोळ्यासमोर ठेवा. "शुभ दीपावली" कोरलेला दिवा वर्षभर पडून राहील. तोच दिवा नुसत्या नक्षीचा असेल तर नाताळात चालतो, लग्नाच्या सजावटीत चालतो. तोरणातल्या घंटा सुट्या विकल्या तर नाताळच्या झाडालाही लागतात. बोळक्यांचं काम जमलं असेल तर संक्रांतीची सुगडं आहेतच. पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा भरते. अशा प्रदर्शनांचे नियम आणि स्टॉलची मुदत बरीच आधी विचारून ठेवा.

थोडे वाकडे निघालेले, पण सुरक्षित नग "दुय्यम" असं स्पष्ट लिहून कमी किमतीला विका. तडा गेलेला दिवा मात्र विकायचा नाही, तडा रंगाने बुजवायचाही नाही.

कागदपत्रं आणि योजना

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. कुणी एजंट त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. मातीचे दिवे आणि मातीची भांडी जीएसटीच्या करमुक्त यादीत आहेत, पण शोभेच्या इतर सिरॅमिक वस्तूंवर कर लागतो. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या आत विकायलाही काही अटींवर मुभा आहे. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर आधी सीएला विचारा.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं: पहिल्यांदा १ लाखापर्यंत, ते नीट फेडल्यावर २ लाखांपर्यंत. ती हाताने आणि अवजारांनी पारंपरिक काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. आपण अटींत बसतो का, हे आधी नीट वाचा. आणि पहिल्या हंगामात कर्ज काढून भट्टी घेऊ नका. एका दिवाळीचा वहीतला हिशोब हातात आला की भट्टी परवडेल का, हे ती वहीच सांगेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दोन प्रकार निवडा आणि कागदावर लिहा.
२. १० सेंटीमीटरची पट्टी करून सुकायला ठेवा.
३. जवळच्या दोन भट्ट्यांना फोन करून भाडं आणि तारखा विचारा.
४. प्रत्येक प्रकाराचे सहा नग, नंबर कोरून.
५. वर दिलेला हिशोब तुमच्या दरांनी मांडा. चांगल्या नगांचा आकडा माहीत नसेल तर तूर्त ७० टक्के धरा, वही भरत गेली की बदला.

हिशोब मांडून झाला की नगामागे किती खर्च आला तो आकडा कमेंटमध्ये लिहा, म्हणजे कुठला खर्च राहून गेलाय ते एकमेकांना सांगता येईल. पुढच्या व्हिडिओत मोबाइलवर मातीच्या वस्तूंचे फोटो कसे काढायचे ते बघू. तोपर्यंत पट्टी सुकलेली असेल, तिची लांबी मोजायला विसरू नका!